मावशींचं ठाणं

धसईच्या आमच्या घरात ज्यू माणसांची ओळख आजीने करून दिली, पुस्तकांनी फार मागाहून. तिचं माहेर अलिबागकडचं. तिकडचे ज्यू, म्हणजे बेने इस्राएली, तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. बायका लुगडी नेसत, बोलणं आपल्यासारखंच.

मोठे काका ठाण्याला नोकरीला होते. त्यांच्या शेजारी एक बेने इस्राएली मावशी राहायच्या. त्यांच्याकडे नवस फेडायचा असला की निरोप यायचा, आणि नव्या भाताचे पोहे घेऊन आम्हा भावंडांपैकी कुणीतरी एसटीने कल्याण, पुढे लोकलने ठाणं गाठायचं. त्या पोह्यांचा मलिदा व्हायचा: साखर, ओलं खोबरं, वेलची, वर बदाम-पिस्ते, भोवती फळं. एलियाहू हनाबी या प्रेषिताचं नाव घेऊन प्रार्थना झाली की पहिली बशी आम्हा पोरांना. सिव्हिल हॉस्पिटलजवळचं १८७९ सालचं सिनेगॉगही मावशींनीच दाखवलं.

म्हणून शाळेत शेक्सपिअरच्या नाटकातल्या शायलॉक या क्रूर ज्यू सावकाराची गोष्ट आली तेव्हा धाकटी बहीण चिडली. मावशींच्या लोकांना असं का रंगवलंय? युरोपात येशूच्या मृत्यूचा दोष शतकानुशतकं सगळ्या ज्यूंच्या माथी मारला जात होता. व्हॅटिकनने तो अधिकृतपणे दूर केला १९६५ मध्ये, नाझींकडून साठ लाख ज्यू मारले गेल्यावर वीस वर्षांनी. मग १९६७ मध्ये इस्राएलचं शेजारच्या अरब देशांशी सहा दिवसांचं युद्ध झालं आणि ज्यू म्हणजे शूर सैनिक, असं पाश्चात्त्य जगात बोललं जाऊ लागलं. आमच्या ओट्यावरही तेच. ते कौतुकही मला खटकतं; त्यात मावशी कुठेच नव्हत्या.

खुद्द इस्राएलमध्ये तर रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, बेने इस्राएलींच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. लग्नं अडली, लोक धरणं धरून बसले, तेव्हा १९६४ मध्ये ते पूर्ण ज्यू आहेत असं तिथल्या संसदेला ठरवावं लागलं. “इथं पिढ्यान्‌पिढ्या कुणी दाखला मागितला नाही हो,” मावशी काकांना म्हणाल्या होत्या. त्यांचा मुलगा तरीही तिकडे गेला.

त्याचा मुलगा गेल्या वर्षी पॅरिसला फिरायला गेला होता. ज्यू म्हणून कुणी ओळखू नये यासाठी रस्त्यात डोक्यावरची टोपी खिशात घालावी लागली, असं त्याने फोनवर काकूला सांगितलं. त्याचे आजोबा सिनेगॉगमधून निघाले की तशीच टोपी घालून ठाण्याच्या भर बाजारातून घरी यायचे. गाझातल्या लेकरांसाठी आमच्या घरात सगळ्यांचाच जीव तुटतो. पण त्यासाठी इस्राएलवरचा राग या पोरावर काढणाऱ्यांना, शायलॉकवर दात खाणारे त्यांचे पणजोबा आठवत नाहीत का?