ज्याचं जळतं

'द फॉल्ट इन अवर स्टार्स' वाचून बळ आलं, असं भाची म्हणाली. ते कशातून आलं असेल, हे काही माझ्या डोक्यातून जात नाही. जॉन ग्रीनच्या या कादंबरीतून धडधाकट होऊन कुणी बाहेर पडत नाही. सोळा वर्षांच्या हेझलचा थायरॉइडचा कर्करोग फुफ्फुसांत पसरलेला. नाकात नळी आणि जाईल तिथे सोबत ऑक्सिजनचा सिलिंडर. हाडाच्या कर्करोगात ऑगस्टसचा पाय गेलेला, पुढे तोही जातो. आयझॅक वाचतो, पण त्याची दृष्टी जाते.

आमच्या घरी आजारी माणसाच्या समाचाराला आलेली मंडळी उपाय सांगू लागली, की आजी म्हणायची, ज्याचं जळतं त्याला कळतं. मग ती चहा टाकायला उठायची आणि बोलणं तिथेच थांबायचं. तिच्या तोंडी ते शोभायचं, कारण अंथरुणाशी रात्र रात्र तीच बसलेली असायची. पण हीच म्हण मी म्हणतो तेव्हा? आपल्याला काय कळणार, असं म्हणून मी पायात चपला सरकवतो. म्हण तीच, पण मी तिचा आधार घेऊन निघून जातो.

या म्हणीप्रमाणे ग्रीनने ही कादंबरी लिहायलाच नको होती. त्याला स्वतःला हा आजार नव्हता. तरुणपणी त्याने मुलांच्या रुग्णालयात धर्मसेवक म्हणून काही महिने काम केलं होतं. पुढे एस्थर अर्ल या मुलीशी त्याची मैत्री झाली. २०१० मध्ये सोळाव्या वर्षी थायरॉइडच्या कर्करोगानेच ती गेली. २०१२ साली आलेली ही कादंबरी त्याने तिलाच अर्पण केली. पण हेझल म्हणजे एस्थर नव्हे, हेही सांगितलं. म्हणजे जळणाऱ्या घरापासून तो लांब नव्हता, आणि आतही नव्हता.

आणि जळतं ते नेमकं कुणाचं? हेझलच्या आवडत्या कादंबरीतली मुलगी कर्करोगाने आजारी आहे आणि ती कादंबरी अर्ध्या वाक्यात संपते. त्यानंतर त्या मुलीच्या आईचं काय झालं, हे विचारायला हेझल थेट ॲमस्टरडॅमला लेखकाकडे जाते. तो काही सांगत नाही. इकडे तिची स्वतःची आई लेकीच्या नकळत समाजकार्याचा अभ्यासक्रम करत असते. लपवते, कारण मी गेल्यानंतरची सोय आई आत्ताच लावते आहे, असं लेकीला वाटायला नको. खूप आधी अतिदक्षता विभागात, आता आपण आई राहणार नाही, असं आई रडत म्हणाली होती आणि अर्धवट शुद्धीतल्या हेझलने ते ऐकलं होतं. म्हणून अभ्यासाचं गुपित फुटतं तेव्हा हेझलला वाईट वाटत नाही. तिला हायसं वाटतं.

भाचीच्या प्रतीत खूण म्हणून औषधांच्या वेळांची चिठ्ठी आहे. प्रेमाची पानं कोरी आहेत. पेन्सिलची रेघ आहे ती या आईच्या पानावर, दोनदा ओढलेली, दुसऱ्यांदा जरा जोरात. तिला बळ इथूनच मिळालं असावं. आपल्यामागे आई उभी राहील, एवढंच तिला हवं असेल. पण मग त्या म्हणीचं काय करायचं? जिचं जळत होतं, तिला स्वतःच्या आगीपेक्षा शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसाची काळजी जास्त होती.

इतपत अर्थ लावून ठेवला, तर पुस्तकाच्या शेवटी ग्रीनचाच खुलासा आहे, की हेझलला जगवणारं औषध अस्तित्वात नाही, ते त्याने कल्पनेने रचलं. आईचं गुपित कळण्याइतका वेळ हेझलला मिळाला तो या नसलेल्या औषधामुळे. भाचीला हे वाचल्याचं आठवत असेल का? आठवूनही तिने ती रेघ ओढली असेल का? तिला विचारायचा धीर मला होत नाही.

तिची आई, माझी बहीण, इंग्रजी वाचते. पुस्तक तिच्या हाती द्यावं, तिने ते पान पाहावं, असं सकाळी वाटतं. लेकीने हे तिला दाखवलेलं नाही, मग मी कोण दाखवणार, असं संध्याकाळी वाटतं. आणि कदाचित बहीणही काही लपवून शिकत असेल.