टॉवरला आपले ऐकू जाते का?

आम्ही शहरात चाळीत वाढलो, तरी गावाची ओढ सुटलेली नाही. दर वैशाखात गावी जातो. गाव डांबरी रस्त्यापासून बरेच आत. तिथे फोन लावला की पलीकडच्या माणसाचे सगळे ऐकू येते, आपले मात्र त्याला काही कळत नाही. 2020 च्या टाळेबंदीत आमच्या भावाच्या मुली रेंजसाठी टेकडीवर बसून शाळा शिकल्या. कंपनीच्या माणसाला विचारले, तर म्हणाला, "वस्ती थोडी आहे, टॉवर परवडत नाही."

असे का होते ते आम्ही समजून घेतले. टॉवरवरचा संच साधारण 20 ते 40 वॅटच्या जोराने बोलतो. आपला मोबाईल जेमतेम 0.2 वॅटने. टॉवरची हाक लांबवर पोहोचते, मोबाईलचे उत्तर वाटेतच विरते. अडचण ऐकण्याची नाही, ऐकवण्याची आहे.

नव्या नेटवर्कच्या कसोट्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ठरवतो. फाईव्ह-जीच्या वेळी खेड्यासाठी दोन टॉवरमधले अंतर 1732 मीटर धरले गेले. आपल्याकडे एवढे टॉवर कोण उभारणार? भारतातल्या तज्ज्ञांनी वेगळा हिशेब मांडला. फायबरची तार ग्रामपंचायतीपर्यंत नेता येते. टॉवर तिथेच उभा करावा, त्यानेच भोवतालच्या वाड्या-वस्त्या सांभाळाव्यात. म्हणून अंतर 6 किलोमीटर धरा, असा त्यांनी आग्रह धरला. 2017 साली संघाने ही कसोटीही स्वीकारली.

आता एवढ्या लांबून मोबाईलचा आवाज पोहोचवायचा कसा? आयआयटी मद्रास आणि आयआयटी हैदराबाद येथील संशोधकांनी लहरीवरच काम केले. लहरीत चढउतार फार असले, तर तिची उंच टोके बिघडू नयेत म्हणून मोबाईलला जोर राखून बोलावे लागते. चढउतार कमी केले की तोच मोबाईल जास्त जोराने बोलू शकतो. 2021 साली संघाने या भारतीय पद्धतीला मान्यता दिली. पुढे ती वेगळी न ठेवता तिच्यातले गुण जगाच्या सामाईक पद्धतीत घालण्याचे ठरले.

कसोटी कागदावर आली म्हणजे टॉवर उभा राहिला, असे नाही. आमच्या गावात अजून राहिलेला नाही. पण कसोटीच नसती, तर मागायचे कशाच्या आधारावर?

आता सिक्स-जीचे संशोधन चालू आहे. 2023 साली संघाने त्याचा आराखडा ठरवला, त्यात सर्वदूर जोडणी हेही एक उद्दिष्ट आहे. ते कोणाच्या गावापर्यंत पोहोचेल, हे मोजमाप करणाऱ्याने कोणते गाव पाहिले आहे यावर ठरेल. म्हणून माता-पित्यांनो, मुलगी गणित-विज्ञान घेते म्हणाली तर तिला अडवू नका. टेकडीवर बसून शिकलेल्या मुलीला 6 किलोमीटर म्हणजे काय, हे कोणी समजावून सांगावे लागणार नाही.