हसरी आणि घुमी

ब्रायन डी पाल्माच्या 'सिस्टर्स'ची सुरुवात फार बेरकी आहे. पुरुषांची कपडे बदलायची खोली. तिथे एक काळा तरुण उभा आहे. तेवढ्यात एक आंधळी मुलगी वाट चुकून आत येते आणि आपण एकट्याच आहोत असं समजून कपडे उतरवायला लागते. आता हा काय करेल? बघत बसेल? खाकरेल? निघून जाईल? आपण विचार करतोय तोवर चित्र थांबतं आणि कळतं की हा टीव्हीवरचा एक गेम शो चाललाय. नाव 'पीपिंग टॉम्स'. मुलगी आंधळी वगैरे काही नाही, मॉडेल आहे. तो माणूस कसा वागेल हे स्टुडिओतल्या स्पर्धकांनी ओळखायचंय. म्हणजे तो तिला बघतोय, स्पर्धक त्याला बघतायत, स्टुडिओतले लोक स्पर्धकांना बघतायत आणि आपण घरी पाय पसरून या सगळ्यांना.

माणूस सभ्य निघतो. मान फिरवतो, निघून जातो. शोनंतर बक्षिसं मिळतात, तिला सुऱ्यांचा संच आणि त्याला 'आफ्रिकन रूम' नावाच्या क्लबात दोघांचं जेवण. (काळा आहे ना, मग पाठवा आफ्रिकन रूममध्ये! ते ऐकल्यावर लिझल विल्सनचा चेहरा बघा.) आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी, सबंध सिनेमातल्या या एकमेव सभ्य माणसाचा त्याच संचातल्या सुरीने खून होतो.

इथून पुढे रहस्य फोडल्याशिवाय मला लिहिता येणार नाही. सिनेमा १९७२ चा आहे, अमेरिकेत सगळीकडे लागला तो १९७३ मध्ये, तेव्हा पन्नास वर्षं तुम्हाला वेळ दिलेला आहे. तरीही ज्यांना बघायचाय त्यांनी आधी बघून यावं.

तर ही मॉडेल डॅनिएल, म्हणजे मार्गो किडर. आपल्याकडे तिला 'सुपरमॅन'मधली लॉइस लेन म्हणून ओळखतात, पण ते नंतरचं, १९७८ मधलं. इथे ती फ्रेंच ढंगाचं इंग्रजी बोलणारी, गोड, किंचित हरवलेली कॅनेडियन मुलगी आहे. फिलिप रात्री तिच्या घरी राहतो. सकाळी आतल्या खोलीतून दोन बायकांचं भांडण ऐकू येतं. डॅनिएल सांगते, माझी जुळी बहीण डॉमिनिक आली आहे, आज आमचा वाढदिवस. हा भला माणूस तिच्या गोळ्या आणायला जातो आणि येताना दोघींची नावं घातलेला केक घेऊन येतो. केकबरोबर सुरी पुढे करतो आणि... असो.

समोरच्या इमारतीतून ग्रेस नावाची पत्रकार मुलगी हे पाहते. फिलिप रक्ताळलेल्या बोटांनी खिडकीच्या काचेवर 'मदत' लिहितोय, आणि पडद्याचे दोन भाग होतात. एकात तो तिच्याकडे बघतोय, दुसऱ्यात ती त्याच्याकडे. हिचकॉकच्या 'रिअर विंडो'ची आठवण न येणं अशक्य, आणि ती यावी अशीच डी पाल्माची इच्छा आहे. पुढची काही मिनिटं पडदा तसाच दुभंगलेला राहतो. एकीकडे ग्रेस पोलिसांशी हुज्जत घालतेय (तिने पोलिसांविरुद्ध लेख लिहिलेत, त्यामुळे ते मुद्दाम रेंगाळतात), दुसरीकडे डॅनिएलचा पूर्वाश्रमीचा नवरा एमिल रक्त पुसतोय, प्रेत सोफा-कम-बेडच्या पोटात कोंबतोय. गंमत अशी की आपला जीव दोन्हीकडे टांगलेला. पोलिस लवकर पोचावेत असंही वाटतं आणि तो डाग पुसून व्हावा असंही! हे स्वतःबद्दल कळणं काही फार सुखाचं नाही.

संगीत बर्नार्ड हरमनचं आहे, 'सायको'वाल्या हरमनचं. संकलक पॉल हर्शने खुनाच्या प्रसंगाला तात्पुरतं म्हणून 'सायको'चंच संगीत लावून पाहिलं, आणि त्यातून खुद्द हरमनलाच विचारायची कल्पना निघाली. हरमनने वाद्यवृंदाच्या जोडीला मूग सिंथेसायझर घेतले. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत गर्भातल्या अर्भकांची चित्रं येतात आणि त्यावर ते वाद्य असं काही किंचाळतं, की काहीच घडलेलं नसताना आपण खुर्चीची कड धरतो.

पण मला सांगायचंय ते या करामतींबद्दल नाही.

हा सिनेमा एका फोटोतून जन्मला. १९६६ साली 'लाइफ' मासिकात माशा आणि दाशा क्रिव्होश्ल्यापोव्हा या शरीराने जोडलेल्या रशियन जुळ्या बहिणींबद्दल मजकूर आला होता. डी पाल्माने तो पाहिला. एका फोटोत एकजण हसरी, टवटवीत दिसतेय, दुसरी पडलेल्या, आंबट चेहऱ्याची. त्याच्या डोक्यात चक्र सुरू झालं. एक चांगली, एक वाईट. वाईट मेली तर चांगलीचं काय होईल? ती तिला आपल्या आतच जिवंत ठेवेल! झाला सिनेमा. कारण रहस्य हेच आहे की डॉमिनिक दोघींना वेगळं करतानाच गेली. डॅनिएलच्या जवळ पुरुष आला की डॅनिएलच डॉमिनिक होते आणि सुरी उचलते.

या ठिकाणी मी जरा अडकले, कारण असा एक फोटो आमच्या घरीही आहे.

आम्ही दोघी जुळ्या. बारा मिनिटांनी ती मोठी. शरीराने अर्थातच वेगळ्या, पण हुबेहूब. आम्ही पाच वर्षांच्या असताना, मिरजेत, आईने दोघींना एकसारखे फ्रॉक शिवून स्टुडिओत नेलं. फोटोत मी दात काढून हसतेय आणि ती कपाळाला आठ्या घालून खाली बघतेय. फोटो फ्रेम होऊन भिंतीवर गेला, आणि जो येईल तो त्याच्यापुढे उभा राहून निकाल देऊ लागला. ही हसरी, ती घुमी. आत्याने सुरुवात केली, मग सगळ्या गल्लीने. शाळेत पाहुण्यांना गुच्छ द्यायला मी, गुच्छ आणून ठेवायला ती. पुढे 'दाखवण्याचे' कार्यक्रम सुरू झाले तेव्हा एका मुलाच्या मावशीने फोटोकडे पाहून आईला सरळ विचारलं, "ती थोरली पहिल्यापासून अशीच का हो?" थोरली चहाचा ट्रे घेऊन समोर उभी होती.

मला त्या फोटोचा आयुष्यभर फायदाच झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. हसरीला लोक खूप काही माफ करतात. घुमीने मात्र नुसतं दार जरा जोरात लावलं तरी सगळे एकमेकांकडे बघतात.

आणि फोटोत ती का हसली नव्हती? नवे बूट होते. उजव्या बुटात एक खिळा वर आला होता आणि फोटोग्राफर 'हलू नको' म्हणत होता. घरी आल्यावर मोजा रक्ताने चिकटलेला आईनेच काढला. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण खिळा काही फोटोत येत नाही.

माशा आणि दाशाच्या बाबतीत फोटोत काय आलं नव्हतं? जानेवारी १९५० मध्ये मॉस्कोत त्या जन्मल्या. मुली मेल्या असं त्यांच्या आईला सांगितलं गेलं आणि शास्त्रज्ञांनी त्यांना ठेवून घेतलं. रक्त एक, मज्जासंस्था दोन, असा नमुना पुन्हा कुठे मिळणार? मग एकीला उपाशी ठेवायचं, एकीला गारठवायचं, एकीला टोचायचं आणि दुसरीचं काय होतं ते बघायचं. प्योत्र अनोखिन या नावाजलेल्या शरीरशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली हे काही वर्षं चाललं. म्हणजे 'लाइफ'च्या वाचकांनी जो पडेल चेहरा पाहिला, त्याच्यामागे केवढं तरी बघणं होतं! आणि पुढे ज्यांनी त्या दोघींना ओळखलं त्यांनी लिहिलंय की माशा हुकमत गाजवणारी होती, दाशा मवाळ आणि सोसणारी. जीन्स तीच, बालपण तेच, क्षणन् क्षण सोबत, तरी माणसं दोन. त्यातली चांगली कोण, हा प्रश्न आपला, बघणाऱ्यांचा. एप्रिल २००३ मध्ये माशाचं हृदय बंद पडलं. दाशा त्यानंतर सुमारे सतरा तास जगली.

डी पाल्माला यातलं फारसं माहीत असण्याचं कारण नव्हतं. ते बाहेर आलं खूप उशिरा. आणि एकट्याला दोष तरी काय द्यायचा? त्याच १९७२ साली आपल्याकडे 'सीता और गीता' आला. एक गरीब गाय, एक वाघीण. आम्ही दोघींनी तो मिटक्या मारत पाहिला आहे आणि हंटरच्या प्रसंगाला बहिणीने सर्वांत जोरात शिट्टी मारली आहे. (घुमी म्हणे!)

पण एका गोष्टीसाठी मी 'सिस्टर्स'ला मानते. तो बघणाऱ्याला सोडत नाही. स्वतःलाही नाही. डी पाल्माचे वडील हाडांचे सर्जन होते. त्यांचं बाहेर प्रकरण आहे हे सिद्ध करायला तो पोरवयात कॅमेरा घेऊन त्यांच्या मागावर राहिला होता, हे त्याने स्वतःच नंतर सांगितलंय. सर्जन, कॅमेरा, खिडकी, सगळं या सिनेमात आहे. चक्क 'लाइफ' मासिकसुद्धा आहे. ग्रेस जुळ्यांची माहिती काढायला 'लाइफ'च्या माणसाकडेच जाते आणि तो तिला संस्थेने केलेली त्या मुलींची फिल्म दाखवतो. ती टक लावून बघते, आपणही बघतो. मग माग काढत ती एमिलच्या मनोरुग्णालयात पोचते, आणि तिथे सगळे तिलाच वेडी ठरवून पलंगावर झोपवतात. ती कितीही ओरडली तरी फरक पडत नाही, कारण एकदा रुग्ण म्हटल्यावर ओरडणं हेही लक्षणच. एमिल संमोहनाखाली तिला डॉमिनिकच्या जागी ठेवतो. काळ्यापांढऱ्या, खरखरीत दृश्यांतून शस्त्रक्रिया पुन्हा घडते, भोवती बघ्यांची गर्दी, आणि डॅनिएलला जोडलेली दुसरी आता ग्रेस असते. बाहेरून बघणारीला पहिल्यांदा आतून दिसतं. डॉमिनिकच्या बाजूने सिनेमात जी काही मिनिटं आहेत, ती एवढीच.

बहिणीला मी हा सिनेमा बघायला लावला. ती नाशिकला असते. रात्री अकराला फोन आला, "सुरी दोघींपैकी कुणाकडे द्यायची हे फोटो बघूनच ठरवलं की रे त्याने!" मग हसली, आणि जरा थांबून म्हणाली, "त्या दुसरीच्या बुटात काय होतं ते कुणीतरी विचारायचं." त्यावर मी काही बोलले नाही. तीच मग दिवाळीच्या फराळाचं बोलायला लागली.

शेवट फार क्रूर आहे. डॅनिएल एमिलला मारते, पोलिस तिला नेतात, आणि आता त्यांचा ग्रेसवर विश्वास बसलेला असतो. ते तिला विचारायला येतात. ती आईच्या घरी, लहानपणच्या खोलीत, खेळण्यांच्या गराड्यात बसलेली, आणि एमिलने पढवलेलं तेवढंच बोलतेय, प्रेत नव्हतंच, कारण खूनच झाला नाही. तिकडे क्वेबेकमधल्या एका आडगावच्या स्टेशनावर तो सोफा उभा आहे. तिने नेमलेला खाजगी गुप्तहेर तारेच्या खांबावर चढून दुर्बीण डोळ्यांना लावून बसलाय, सोफा न्यायला कोण येतं ते बघत. एमिल मेलाय, डॅनिएल कोठडीत आहे. सोफा न्यायला कुणी येणार नाही, आणि हे त्याला जाऊन सांगणारंही कुणी नाही.