कोरड्या हवेतला समुद्र

मराठवाड्यातल्या गारखेड्यातून समुद्र गाठायचा म्हणजे रात्रीची गाडी धरून मुंबई, नाहीतर शाळेच्या सहलीची वाट बघणं. नळाला इथे रोज पाणी येत नाही, आणि मी मात्र जेवणाच्या टेबलावर कागद ताणून लाटा काढत बसतो. शेजारच्या काकू डोकावतात. "समुद्र? इथं बसून?" त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात पूर्ण या बौद्ध भिक्षूच्या गोष्टीतलं तीन डोलकाठ्यांचं जहाज ज्याने रंगवलं, तोही वाघूरकाठच्या काळ्या कातळात बसूनच रंगवत होता. गोष्ट शूर्पारकची, म्हणजे आपल्या सोपाऱ्याची. चित्र मात्र आमच्या डोंगरात.

खरी अडचण अंतराची नाहीच, हवेची आहे. कोकणात आकाशाचा ओला हात मारून माणूस चहा पिऊन येतो, तरी कागद ओला असतो. इकडे मे महिन्यात ब्रश उजव्या कडेला पोचेपर्यंत डावी कड वाळून खडखडीत. मधे जी रेघ उमटते ती काही केल्या जात नाही. नुसत्या जलरंगाने समुद्र काढायचा तर हवेनेही थोडं पाणी द्यावं लागतं, आणि मराठवाड्याची हवा त्या बाबतीत चिक्कू. म्हणून मेणबत्ती, मीठ, ॲक्रिलिक, पेस्टल, जे हाताला लागेल ते. कलादालनांत मिश्रमाध्यम ही शैली असेल. आमची ती गरज आहे.

आधी कोरड्या कागदावर पांढरी मेणबत्ती आडवी घासायची. मेण फक्त कागदाच्या उंचवट्यांवर बसतं, दिसत काहीच नाही. मग कागद मागून-पुढून भिजवून निळसर राखी रंगाचा हात फिरवला की मेणाच्या जागा रंग झिडकारतात आणि फुटलेल्या लाटेचा फेस आपोआप उघडा पडतो. आता मीठ. कागदावर पाणी तरंगत असेल तर खडे विरघळून जातात, वाळला असेल तर नुसते पडून राहतात. वरची चकाकी मावळायच्या बेतात असते, तेवढ्यातच चिमूट सोडायची. प्रत्येक खडा आजूबाजूचं रंगीत पाणी ओढतो, भोवती फिकी नक्षी उमटते. साऱ्या चित्रात खरोखर समुद्रातून आलेली वस्तू तेवढीच. शेवटी पांढरं ॲक्रिलिक टूथब्रशने उडवायचं आणि ब्लेडने खरवडून पाण्यावरचा उजेड काढायचा. चित्रकार टर्नर हे काम नखाने करायचा, त्यासाठी अंगठ्याचं नख वाढवून ठेवलं होतं असं सांगतात.

इतकी ओढाताण कागदाला सोसवली पाहिजे. दौलताबादहून खुलताबादला जाताना कागझीपुरा लागतं. तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी इकडे हलवली तेव्हापासूनचा कागदाचा वारसा गाव सांगतं. चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला हा हातकागद चिवट असतो. पण खळ कमी असली तर रंग पिऊन टाकतो. अशा कागदावर मीठ चालत नाही, मेणबत्ती आणि पेस्टल मात्र झकास. मिठासाठी मी ३०० जीएसएमचा सुती कागदच घेतो. स्वस्त कागदावर हट्ट करण्यात शहाणपण नाही.

रंगाचं म्हणाल तर, आपल्याकडचा समुद्र निळा काढणाऱ्यांनी तो बहुधा कॅलेंडरवर पाहिलेला असतो. पावसाळ्यात श्रीवर्धनला उभे राहा, पाणी मातकट राखी दिसेल. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळला की तो राखी जवळपास हाती लागतो. सरावाला पैठणचा नाथसागर आहेच. १९७६ मध्ये पुरं झालेलं जायकवाडीचं हे पाणी, पलीकडचा काठ नीट दिसत नाही इतकं रुंद. भरती-ओहोटी तेवढी नाही, लाटा आखूड. पण क्षितिज कागदावर कुठे ठेवायचं हे तिथे शिकता येतं. ब्रश धुतलेलं पाणी मात्र, कितीही टंचाई असली तरी, कुंडीत ओतत नाही. काही रंगांत कोबाल्ट असतं, कॅडमियम असतं.

तुम्ही करून बघणार असाल तर एकच सांगतो: कागद पूर्ण वाळला की मीठ कोरड्या ब्रशने नीट झाडून टाका आणि मढवताना काच कागदाला टेकू देऊ नका. राहिलेलं मीठ पावसाळ्यात ओल ओढतं, आणि पेस्टलची पूड काचेला चिकटते.