दुसऱ्याच्या गाडीची किल्ली

संध्याकाळी रंकाळ्याच्या कठड्यालगत गाड्यांची रांग लागते. मी त्या रांगेच्या कडेने सावकाश चालत जातो. पाणी असतं, वारा असतो, भेळेचा वास असतो. नजर मात्र टाक्यांवरून फिरत राहते. कुणाच्या टाकीचा रंग गुडघे घासून उडालाय, कुणाची चेन कोरडी पडलीय, कुणी हौसेने जुन्या गोल दिव्याला नवी कड बसवलीय. माझ्याकडे एकच मोटारसायकल आहे, १९९४ ची बुलेट ३५०. ती विकावी असं मला कधी वाटलं नाही. तरी दुसरी चांगली गाडी दिसली की पाय थांबतात, आणि तिचा मालक ओळखीचा निघाला तर त्याच्या हातातल्या किल्लीकडे लक्ष जातं.

याला लोक बेइमानी म्हणतात. गाडीला बायकोची उपमा देऊन केलेले विनोद मोटारसायकलवाल्यांच्या बैठकीत हमखास निघतात. मला ते आवडत नाहीत. त्यात बायकोचा मान राहत नाही आणि गाडीची ओळखही होत नाही. दुसऱ्या गाडीबद्दल जे वाटतं ते निराळं आहे, आणि ते समजून घ्यायचं तर आधी इंजिनात उतरावं लागतं.

माझ्या बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर. रुंदी कमी, उंची जास्त. पिस्टनला खालून वर यायला लांबचा पल्ला पडतो, जोडीला जड फ्लायव्हील असतं, त्यामुळे हे इंजिन घाईला येत नाही. स्टँडवर उभी असताना तिचे ठोके सुटे सुटे ऐकू येतात. विलंबित ख्यालात दोन मात्रांच्या मधे जशी ऐसपैस जागा असते, तशी जागा या ठोक्यांच्या मधे आहे. वाघबीळ ओलांडून पन्हाळ्याचा चढ लागला की मी तिसऱ्या गिअरवर येतो आणि तिला तिच्या चालीने चढू देतो. मागून हॉर्न वाजतात. वाजू द्यावेत. इतकी वर्षं तिच्यावर बसून माझं बोलणं, चालणं, रस्त्यावरच्या माणसाला वाट देणंसुद्धा त्या ठोक्याला जुळून गेलंय.

अशा लयीत मुरलेल्या माणसाला दुसरी लय ऐकू आली की कान टवकारतात. माझा पहिला मोह होता आरएक्स १०० चा. यामाहाची ही गाडी एस्कॉर्ट्सने १९८५ साली भारतात आणली आणि १९९६ पर्यंत बनवली. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, वजन शंभर किलोच्या आसपास, ताकद ११ अश्वशक्ती. पिस्टनची धाव ५० मिलिमीटर, व्यासही ५०. माझ्या इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की एकदा स्फोट होतो. तिच्यात दर फेऱ्याला होतो. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसे टू-स्ट्रोकचे दिवस भरले, पण कोल्हापूर-सांगलीकडे अजून जपलेल्या आरएक्स दिसतात, आणि कोपऱ्यावरून वळताना त्यांचा तो कोरडा, टणत्कारासारखा आवाज आला की चहाच्या टपरीवरची अर्धी माणसं माना वळवतात.

माझे एक स्नेही आहेत, शाळेतून निवृत्त झालेले. आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणतो. त्यांच्याकडे हीरो होंडाची स्प्लेंडर आहे, आणि मनात कायम आरएक्स. एकदा गप्पांत आमच्या लक्षात आलं की स्प्लेंडरच्या सिलिंडरचा व्यासही ५० मिलिमीटर आणि धाव साडेएकोणपन्नास. म्हणजे ज्या गाडीवर त्यांनी संसार केला आणि जिच्यावर त्यांचा जीव आहे, त्या दोघींच्या पोटात जवळजवळ एकाच मापाची जागा आहे. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. त्याच जागेत एक इंजिन व्हॉल्व्ह उघडून-मिटून, शिस्तीत, पेट्रोल जपून वापरतं; दुसरं भिंतीतल्या खिडक्यांतून श्वास घेतं आणि मिळेल ते एकदम पेटवून टाकतं. स्वभाव घडतो तो मापाने थोडा आणि श्वास कसा घेता त्याने पुष्कळ. गुरुजी हे ऐकून किती तरी वेळ गप्प बसले होते.

पुढे त्यांच्या भाच्याने एक आरएक्स दुरुस्त करून घेतली. गुरुजी ती घेऊन जोतिबाला जाऊन आले. उतरल्यावर चेहऱ्यावर ऊन होतं आणि शर्टाला ऑइलचा वास. मी विचारलं, “कशी वाटली, गुरुजी?”

“अहो, विचारायच्या आधी उत्तर देते ही.” मग रुमालाने चष्मा पुसत म्हणाले, “आमची विचारल्यावर देते. पण चुकीचं कधी दिलं नाही तिनं.”

दुसऱ्याची गाडी चालवायची म्हणजे माझ्या बाबतीत आधी पाय बदलावे लागतात. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि मागचा ब्रेक डाव्या पायाशी. पहिला वर, बाकीचे तीन खाली. ही इंग्लंडची जुनी रीत. १९५५ साली मद्रासमध्ये ही गाडी बनवायला सुरुवात झाली तेव्हा ती तशीच आली, आणि इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडल्यावरही तिरुवोट्टियूरच्या कारखान्यात तशीच राहिली. सत्तरच्या दशकात अमेरिकेने गिअर डावीकडेच हवा असा नियम केला, जगातले बाकीचे कारखाने तिकडे वळले, आणि उशिरा का होईना बुलेटही वळली. माझी मात्र त्याआधीची. त्यामुळे कुणाचीही गाडी घेतली की मी आधी इंजिन बंद ठेवून बसतो, डोळे मिटतो आणि पायांना सांगतो: उजवा ब्रेक, डावा गिअर. हे न करता निघणं धोक्याचं असतं, कारण वळणावर पाय डोक्याला विचारत नाहीत. मला ती मिनिटं फार आवडतात. आपल्या शरीरात किती काय मुरून बसलंय ते तेव्हा कळतं, आणि ते थोडा वेळ बाजूला ठेवता येतं हेही कळतं.

पल्सर २००१ साली आली तेव्हा गावातली सगळी तरुण पोरं तिच्यावर गेली. चाकणला बनलेली ड्यूक २०१२ साली आली. तीही फिरवून बघितली. दोन्ही चांगल्या. पण माझं मन तिथे रेंगाळलं नाही. मन रेंगाळलं ते इंटरसेप्टर ६५० वर. २०१८ साली ती बाजारात आली. टाकीवर नाव माझ्याच गाडीच्या कंपनीचं, आणि आत मात्र सगळा हिशेब उलटा: दोन सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ७८ मिलिमीटर, धाव ६७.८. रुंद आणि बुटकी. मित्राच्या पोराने किल्ली दिली आणि मी कागलवरून निपाणीच्या पुढे तवंदी घाटापर्यंत गेलो.

त्या इंजिनाची खरी गंमत क्रँकमध्ये आहे. दोन पिस्टन एकाच वेळी वर-खाली होत नाहीत, आणि एक वर एक खाली असेही नसतात. त्यांच्यात २७० अंशांचं अंतर ठेवलंय. त्यामुळे एका सिलिंडरमध्ये ठिणगी पडली की २७० अंशांनी दुसऱ्यात पडते, आणि मग ४५० अंशांची उसंत. दोन ठोके जवळजवळ, मग मोकळी जागा. कारखान्याला ही लय सारखी करता आली असती. तिथल्या माणसांनी मुद्दाम असमान ठेवली, आणि मला त्यांचं कौतुक वाटतं. महामार्गावर वेग वाढला तसा तो लंगडा ठेका भरत गेला, आणि तवंदीच्या चढाला मी गिअर न बदलता वर आलो. ज्या चढावर माझी बुलेट बोलायला लागते तिथे ही नुसती गुणगुणत होती. वर थांबलो, हेल्मेट काढलं. छाती भरून आली होती, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

मग घे की, असं घरून म्हणतात. घरच्यांनी ते मनापासून म्हटलंय. दसऱ्याच्या आधी शोरूमवाल्यांचेही फोन येतात. आमच्याकडे दसऱ्याला गाड्या धुऊन, झेंडूचा हार घालून, हळदीकुंकू लावून पूजा होते, आणि त्याच दिवशी नवी गाडी घरी आणायला रांगा लागतात. फोनवरचा मुलगा अदबीने बोलतो, पण त्याचा पहिला प्रश्न असतो: “सर, जुनी एक्सचेंजला देणार ना?” मला हा प्रश्नच मान्य नाही. नवी हवी म्हणजे जुनी नको, हे त्याने गृहीत धरलेलं असतं. जुन्या गाडीची किंमत तो वर्षांवरून काढतो. त्यात तिच्या सिलिंडरला किती हात लागलेत, तिच्या किकची उंची कुणाच्या गुडघ्याला जुळलीय, याला रकाना नाही.

गाडी राखणं सोपं नाही, हेही खरं. पंधरा वर्षं झाली की पुन्हा पासिंग, मग दर पाच वर्षांनी. पर्यावरण कर वेगळा. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं, तेव्हा जुन्या कार्बोरेटरचे वॉशर आणि रबरी नळ्या यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं. कोल्हापुरात निदान शिवाजी उद्यमनगर आहे. तिथे ओतकाम करणारे आहेत, लेथवाले आहेत. बाजारात न मिळणारा बुश हातावर ठेवला की संध्याकाळपर्यंत तसाच दुसरा तयार होतो. सिलिंडर बोअर करून एक माप मोठा पिस्टन बसवला की इंजिन पुन्हा काही वर्षं चालतं. या गावात जुन्या गाड्या टिकल्यात त्या या हातांमुळे. तिथले मिस्त्री मामा माझी गाडी आवाजावरून ओळखतात. त्यांना मी इंटरसेप्टरचं सगळं सांगितलं तेव्हा ते स्पॅनर पुसत म्हणाले, “घ्यायची आसंल तर घ्या, सर. पर ही इकू नगा. हिचं सगळं मला म्हाईत हाय.”

तरी मी घेतली नाही. पैसे हे कारण आहेच, तीन लाखांच्या वरची गोष्ट. पण ते जमवताही आलं असतं. खरं कारण मला उशिरा उमगलं आणि ते कानाशी निगडित आहे. आपल्या गाडीवर बसलेला माणूस तिचा आवाज ऐकत नसतो, आवाजातलं दुखणं ऐकत असतो. टॅपेट वाजतोय का, चेन सैल झालीय का, क्लचच्या बाजूची ती बारीक किरकिर कालपासूनची की आत्ताची. मालकीचा कान सतत तपासणीवर असतो. दुसऱ्याच्या गाडीवर तो सुटतो. तिची चेन तिच्या मालकाने बघावी, तिचं ऑइल त्याने बदलावं. माझ्या वाट्याला फक्त लय येते. इंटरसेप्टर माझ्या नावावर झाली असती तर त्या २७० अंशांच्या ठेक्यातही मी महिन्याभरात बिघाड शोधायला लागलो असतो.

आणि किल्ली परत देऊन आपल्या गाडीवर आलं की आणखी एक घडतं. अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा, डिकॉम्प्रेशनचा खटका दाबून किक जराशी पुढे सरकवायची, खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग अंगाचा भार टाकून एकच मारायची. ती सुरू होते, आणि पहिला मैलभर मला तिचं दुखणं ऐकूच येत नाही. तेवढ्या अंतरात मीही तिच्यावर मागून आणलेल्या गाडीवर बसल्यासारखा बसतो. नव्वद मिलिमीटरचा तो लांब चढ, तो सावकाश ठोका, कुणी तरी पहिल्यांदा ऐकवावा तसा कानावर येतो. पुढे शहर लागतं, सिग्नल लागतात, आणि टॅपेट पुन्हा वाजायला लागतो. तो वाजणारच.

म्हणून मी लोकांच्या गाड्या मागतो, आणि माझी बुलेट कुणी मागितली तर देतो; आधी पाय शिकवतो, मग किल्ली देतो. एकच लय अजून हाताला लागलेली नाही. राजदूत ३५०, एस्कॉर्ट्सने १९८३ पासून काही वर्षं बनवलेली, ३४७ सीसीची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक, सहा गिअरची. पेट्रोल फार पीत असे म्हणून फार कमी लोकांनी घेतली, आणि ज्यांनी घेतली त्यातल्या थोड्यांनीच ठेवली. सांगलीत एकाकडे चालू स्थितीत आहे. तो ती पावसात बाहेर काढत नाही. विश्रामबागला त्याच्या घरी गेलो होतो, चहा झाला, गाडीवरचं कापड बाजूला करून त्याने दाखवली, पण सुरू केली नाही. दिवाळीनंतर ये म्हणालाय, आणि येताना तुझी बुलेट घेऊन ये, मला ती उजव्या गिअरची एकदा चालवायचीय.