बंदरात उतरा, पण घड्याळ बघून

माझे वडील 27 वर्षे मालवाहू जहाजांवर होते. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या आमच्या मोहल्ल्यात तेव्हा बहुतेक घरांतले कोणी ना कोणी बोटीवर असायचेच. जिनोआ, मार्सेय, बार्सिलोना ही नावे आम्ही भूगोलाच्या पुस्तकाआधी बाबांकडून ऐकली. पण शहर कसे आहे असे विचारले की ते म्हणायचे, "क्रेन बघितल्या, गोदामे बघितली. शहर भिंतीपलीकडे होते."

बाबांना जाऊन 9 वर्षे झाली. गेल्या ऑक्टोबरात मी, माझे यजमान आणि 68 वर्षांची आई असे तिघे भूमध्य समुद्रातल्या 7 रात्रींच्या क्रूझवर गेलो. जिनोआहून निघून रोमचे बंदर चिवितावेक्किया, पालेर्मो, माल्टाचे व्हॅलेटा, बार्सिलोना आणि मार्सेय करून पुन्हा जिनोआ. आईची अट एकच होती. "मला भिंतीपलीकडे न्या. बसमध्ये बसवून काचेतून दाखवू नका."

जहाजावर प्रत्येक बंदरासाठी सहली विकत मिळतात. त्या महाग असतात, पण त्यांचा एक मोठा फायदा आहे. जहाजाच्या सहलीची बस उशिरा आली तर जहाज थांबते. तुम्ही आपले आपण गेलात आणि उशीर केलात तर जहाज निघून जाते, आणि पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे लागते. म्हणून आम्ही आधी नकाशा पाहिला. पालेर्मो आणि व्हॅलेटा येथे शहर बंदराच्या दारातच सुरू होते. तिथे स्वतः फिरायचे ठरवले. चिवितावेक्कियाहून रोम रेल्वेने तासाभराच्या अंतरावर आहे, आणि मार्सेयला मोठी जहाजे जुन्या शहरापासून काही किलोमीटर दूर लागतात. तिथे बस घ्यायचे ठरले.

पालेर्मोला सकाळी उतरलो. फाटकातून बाहेर पडून सरळ चालत गेले की 10-15 मिनिटांत शहराचा मोठा चौक येतो. तिथून जुन्या रस्त्याने 'क्वात्रो कांती' या चौकापर्यंत आणि उजवीकडे वळून कॅथेड्रलपर्यंत. या शेवटच्या रस्त्याला लोक आजही 'कास्सारो' म्हणतात. हा अरबीतला 'अल-कस्र', म्हणजे किल्ला-महाल. आपला 'किल्ला' शब्दही अरबी 'कलआ'वरून आला आणि सिसिलीतल्या काल्तानिसेत्ता, कालाताफिमी या गावांच्या नावांतही तोच शब्द बसला आहे.

मुसलमानांनी पालेर्मो 831 मध्ये घेतले आणि 1072 मध्ये ते नॉर्मन सरदारांच्या हाती गेले. आजचे कॅथेड्रल 1185 मध्ये जुन्या जामा मशिदीच्या जागी उभे राहिले, आणि त्या मशिदीच्याही आधी तिथे चर्च होते. दक्षिणेकडच्या दरवाजाच्या मंडपात डावीकडच्या खांबावर कूफी लिपीत कोरीव मजकूर आहे. सूरह अल-आराफची 54 वी आयत. पर्यटकांचे घोळके त्या खांबाला टेकून फोटो काढत होते. आईने चश्मा पुसला, बोट हवेत फिरवत अक्षरे जुळवली आणि हळू आवाजात आयत पूर्ण म्हटली. गावात 30 वर्षे मुलींना नाजरा शिकवणाऱ्या बाईला कूफी अक्षरे जड गेली, पण दोन शब्द लागल्यावर पुढचे तिला पाठच होते. आम्ही तिथे अर्धा तास थांबलो. सहलीच्या बसने एवढा वेळ दिला नसता.

पुढे नॉर्मन राजांच्या महालातले 'कापेला पालातिना' पाहिले. हे राजा रॉजर दुसरा याचे खासगी प्रार्थनाघर. भिंतींवर ख्रिस्ती चित्रे, आणि वर लाकडी छत मात्र मुकर्नस पद्धतीचे, त्यावर अरबी अक्षरांत शुभेच्छा. बाहेरच्या भिंतीत 1142 च्या पाणघड्याळाचा शिलालेख आहे, लॅटिन, ग्रीक आणि अरबी अशा तीन भाषांत. याच राजासाठी अल-इद्रीसीने जगाचा नकाशा आणि भूगोलाचा ग्रंथ तयार केला. तो 1154 मध्ये पुरा झाला.

हे वाचून छाती फुगते, पण गोष्ट इथे संपत नाही. रॉजरचा नातू फ्रेडरिक दुसरा स्वतः अरबी विद्येचा चाहता होता. त्यानेच सिसिलीतल्या मुसलमानांना बेटावरून उचलून इटलीतल्या लुचेरा गावी नेऊन बसवले. ती वस्तीही 1300 मध्ये मोडली गेली. यजमान म्हणाले, "कारागिरी ठेवली, माणसे घालवली." आई काही बोलली नाही. कॅथेड्रलपासून जवळच्या गल्लीत, पूर्वी चर्च असलेल्या इमारतीत आता मशीद आहे. तिथे आम्ही जोहर आणि असर कसर करून एकत्र अदा केली. आम्ही शाफई, प्रवासात ही सवलत आहे आणि बंदराच्या दिवशी तिचा फार उपयोग होतो.

बाल्लारो बाजारात 'पानेल्ले' खाल्ले. हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या, पावात घालून देतात. थेट आपली पाटवडी! फक्त तेल कोणते आणि त्यात आणखी काय तळले, ते आधी विचारा. जहाजावर आम्ही मासे, अंडी आणि भाज्यांवर राहिलो. सॉसमध्ये वाइन आहे का, हे रोज विचारायचो, आणि वाढपी कंटाळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी माल्टा. व्हॅलेटाचा धक्का खाली आणि शहर वर उंच तटावर. 58 मीटरची लिफ्ट थेट बागेत नेऊन सोडते, त्यामुळे आईच्या गुडघ्यांचा प्रश्न सुटला. शहराच्या वेशीबाहेर बसस्थानक आहे. तिथून आम्ही म्दिना गाठले. नावातच मदिना आहे आणि तटाबाहेरच्या गावाचे नाव रबात.

माल्टाची भाषा अरबीतून निघाली आहे, पण ती लॅटिन अक्षरांत लिहितात. लोक कॅथलिक आहेत आणि देवाला 'अल्ला' म्हणतात. ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळाला त्यांचा शब्द आहे 'रन्दान', म्हणजे आपले रमजान. बाकावर आईशेजारी एक म्हातारी बसली होती. इंग्रजी दोघींनाही बेताचेच. आईने बोटांवर अरबी आकडे मोजायला सुरुवात केली, तर ती बाईही आपल्या भाषेत मोजू लागली. मग समुद्र झाला, दार झाले, सूर्य झाला. बहर, बीब, शेम्श. दोघी हसत होत्या आणि आम्ही ते बघत बसलो.

चूक तिथेच झाली. परतीच्या थांब्यावर पोहोचलो तर पहिली बस भरलेली, न थांबता गेली. दुसरीही. जहाजावर परतायची वेळ 4:30, आणि घड्याळात 3:35. यजमान गप्प, मी हिशोब करतेय, आई तस्बीह फिरवतेय. शेवटी एका जर्मन जोडप्याबरोबर टॅक्सी मिळाली. शिडी उचलायला 12 मिनिटे असताना आम्ही वर चढलो. दोष आमचाच होता. तेव्हापासून आमच्या घरचा नियम असा: जी बस चालेल असे वाटते, तिच्या आधीच्या दोन बसपैकी एक पकडायची. आणि घड्याळ नेहमी जहाजाच्या वेळेवर ठेवायचे.

निघण्याआधीच्या काही गोष्टी. या मार्गावरचे चारही देश शेंगेनमध्ये येतात; पण तुमचे जहाज मध्येच ट्युनिससारख्या बंदरावर जात असेल, तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा घ्या. पासपोर्टची प्रत आणि बंदरातील जहाज-एजंटचा फोन नंबर खिशात असू द्या. जहाजाच्या लोखंडामुळे होकायंत्र चुकते; खोलीतल्या टीव्हीवर जहाजाची दिशा दिसते, तिच्यावरून किब्ला ठरवा. या समुद्रात तो साधारण आग्नेयेला येतो.

शेवटून दुसरा दिवस मार्सेयचा. ठरल्याप्रमाणे बस घेतली. ती जुन्या शहराकडे निघाली ती थेट मालधक्क्यांच्या बाजूने. क्रेन, कंटेनर, लांबच लांब गोदामे. बसमधले बाकीचे लोक मोबाईलमध्ये होते. आई मात्र काचेला नाक लावून बसली होती. जुने बंदर आले, सगळे उतरू लागले, तरी ती मागे वळून बघत होती.

"त्यांनी हे बघितले होते," ती म्हणाली, आणि मग माझा हात धरून खाली उतरली.