गळाच्या काठीला एवढे पैसे?

हा प्रश्न तुम्हालाही पडेल. आम्ही नोएडात राहतो. बाबा लहानपणापासून गळ टाकणारे, पण संधिवाताने त्यांच्या मनगटात जोर राहिला नाही. म्हणून घरी उंची बास रॉड आणला.

बास हा अमेरिकेतला मासा, पण हे रॉड आपल्या मरळीसाठीही उत्तम. पाणवनस्पतींवरून रबरी बेडूक ओढायचा, मरळ झेपावली की खेचायची. चांगला रॉड कार्बन फायबरचा असतो, वजन तुमच्या फोनहूनही कमी. तो ताठ असल्याने माशाचा हलकासा स्पर्शही बोटांना कळतो. दोरी सरकते त्या कड्याही गुळगुळीत सिरॅमिकच्या. त्यामुळे बाबा आता तासभर न थकता गळ टाकतात.

मात्र महाग म्हणजे मजबूत नव्हे. गाडीच्या दारात सापडला तर हा रॉड काडीसारखा मोडतो. मुलांना पहिला रॉड चिवट फायबरग्लासचाच घ्या. बांबूलाही हसू नका. १९ व्या शतकात परदेशातले उंची रॉड कलकत्त्याहून गेलेल्या बांबूचे बनत. किंमत नंतर बघा, आधी रॉड हातात धरून बघा.